मशीनच्या माथ्यावर

धारगळच्या त्या घरात देव्हाऱ्याखालोखाल मान होता तो हॉलमधल्या रिसीवरला. काळा, रुंद, उचलायचा तर आधी कंबरेची परवानगी घ्यावी लागेल असा. तोंडावर नारळाच्या वाटीएवढं गोल बटण, पाठीला शंभरेक भोकं आणि त्यांत खुपसलेल्या वायरींचं रान. टीव्हीचा आवाज असो, सीडी असो, रेडिओ असो, सगळं आधी त्याच्याकडे यायचं आणि मग पाच स्पीकरांपैकी कुणाला काय वाढायचं ते तो ठरवायचा. सोफ्याच्या कोपऱ्यात सहावं एक ठेंगणं खोकं होतं, त्याच्या वाट्याला फक्त ढुमढुम यायची.

घरात त्याला रिसीवर कुणीच म्हणत नसे. सिद्धीचे सासरे दत्ताराम, म्हणजे बाबा, त्याला "मशीन" म्हणत. सासूबाई विनोदिनी "डबो" म्हणत. आणि सिद्धीचा नवरा गौरेश अलीकडे "ता धूड" म्हणायला लागला होता.

मशीन आलं त्याला वीस वर्षं झाली. बाबा तेव्हा मुरगाव बंदरात क्रेनवर होते. वास्कोच्या एका दुकानात सहज शिरले, आत कसलंसं गाणं चालू होतं, आणि बाहेर आले ते खोकं घेऊनच. धारगळपर्यंत बसमध्ये खिडकीशी मशीन बसलं आणि बाबा उभे राहिले. कंडक्टरनं विचारलं, "हो कोण?" बाबा म्हणाले, "माझो पावणो." ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागे. सिद्धीनं तर ती डिचोलीला, स्वतःच्या माहेरी, बघण्याच्या कार्यक्रमातच ऐकली होती, हातात चहाचा ट्रे धरून. चहा गार झाला, पण गोष्ट पुरी झाली.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बाबांनी हॉलच्या बरोबर मधोमध एक कदेल ठेवलं. नुसतं ठेवलं नाही. जमिनीवर खडूनं चार खुणा होत्या, त्यांवर खुर्चीचे चार पाय नेमके टेकवले.

"बस गो हयसर. डोळे मिट."

सिद्धी तोवर गाणी मोबाइलवर ऐकायची, एकाच कानात, कारण दुसऱ्या कानाची वायर तुटलेली. बाबांनी एका जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं. तबला डावीकडून आला, पेटी उजवीकडून, आणि गाणारी बाई बरोबर समोर येऊन उभी राहिली.

"बाबा!" सिद्धी डोळे मिटूनच ओरडली. "बाई श्वास घेता ता ऐकू येता!"

बाबांनी बायकोकडे आणि मुलाकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं एका साक्षीदाराची वाट बघत होते. त्या दिवसापासून त्या गोल बटणाला बाबांखेरीज हात लावायची मुभा फक्त सुनेला मिळाली. बाकीच्यांनी रिमोटवर भागवायचं.

नियम मात्र सगळ्यांना एकच. भिंतीवर, मशीनच्या बरोबर वर, बाबांनी बंदरातल्या पाट्यांसारखी एक पत्र्याची पाटी टांगली होती. लाल अक्षरांत: 'सावधान. मशीनच्या माथ्यावर काहीही ठेवू नये. हुकुमावरून.' मशीनच्या माथ्यावर जाळी होती आणि मशीन तिथून श्वास घेतं, हे बाबा पाहुण्यांनासुद्धा सांगत. एकदा एका व्याह्यांनी त्यावर पानाचा डबा ठेवला, तर बाबांनी तो असा उचलला की व्याही परत पान खायला आले नाहीत.

आणि मग गौरवी झाली.

गौरवी आता आठ महिन्यांची. श्रावण लागला तेव्हा ती रांगायला लागली होती, आणि दिवसाला बारा लंगोट हा तिचा शिरस्ता होता. सिद्धीच्या आईनं जुन्या मऊ लुगड्यांचे तीन डझन लंगोट शिवून पाठवले होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याचा हत्ती. पण तीन डझन हत्ती वाळवायचे कुठे? पेडणे तालुक्यात श्रावणात मीठसुद्धा पाझरतं. जनेलाच्या गजांवर लंगोट, कदेलांच्या पाठींवर लंगोट, पंख्याखालच्या दोरीवर लंगोट. आणि सगळे दोन दिवसांनी जसेच्या तसे दमट, वर एक कुबट वास.

एका दुपारी मशीन पुसता पुसता सिद्धीचा हात त्याच्या माथ्यावर राहिला. सकाळपासून ते चालू होतं. हाताला ऊब लागली. झोपलेल्या मांजराच्या पाठीसारखी, गोड.

तिनं पाटीकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या लंगोटाकडे पाहिलं. मग आतल्या खोलीकडे कान दिला. बाबा आणि सासूबाई, दोघंही दुपारच्या झोपेत.

एकच, ती मनाशी म्हणाली.

वीस मिनिटांत लंगोट पापडासारखा कडकडीत.

दुसऱ्या दिवशी दोन. आठवड्याभरात सहा-सहाची थप्पी. मशीन चालू असल्याशिवाय तापत नाही, म्हणून ती बारीक आवाजात बाबांचं ते मैफलीचं रेकॉर्डिंग लावायची. कदेल खुणांवर ठेवायची, गौरवीला मांडीवर घ्यायची. गौरवी दुसऱ्या गाण्याला झोपायची. लंगोट त्याच्याआधीच वाळलेले असायचे. सिद्धी तरीही उठायची नाही. दिवसभरात तेवढाच एक तास असा होता, ज्यात तिच्याकडे कुणी काही मागत नसे.

गंमत अशी की बाबा भलतेच खूश होते. संध्याकाळी पदेराकडून पावाचे उंडे घेऊन येताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे, "ह्या वर्षी घरात गाण्याचा नुसता याड लागलाहा. सकाळी ही भजना लायता. दुपारी सून. रात्री आमचो गौरेश, जो कधी दोन सूर ऐकूक बसलो नाय, तो पण पिक्चर संपलो तरी मशीन बंद करूक देणा नाय. वीस वर्षां लागली, पण घर सुरात इला."

सिद्धी मान वर करायची नाही. ती आपली चहा गाळत राहायची.

मग एका रविवारी संध्याकाळी चौघं सिनेमा बघत होती. नायक ट्रकच्या टपावरून धावत होता, मागे स्फोट होत होते. तेवढ्यात मशीनच्या पोटात 'टक्' असा आवाज झाला आणि सगळं गप्प झालं. नायक मुक्यानंच धावत राहिला. मशीनच्या तोंडावर एक लाल दिवा उघडझाप करू लागला.

अर्ध्या तासानं ते पुन्हा चालू झालं, आणि दहा मिनिटांनी पुन्हा टक्. सोमवारी तेच. मंगळवारी तेच. सिद्धीनं सोमवारपासूनच लंगोट बंद केले होते, मनातल्या मनात मशीनची माफीही मागितली होती. पण टक् थांबेना. आपण ते कायमचं जाळलं, अशी तिची खात्रीच झाली.

"बाबा, त्याचा वय झाला," गौरेश बुधवारी जेवताना म्हणाला. तो मोपाच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर नोकरीला. जुन्या बॅगा कशा टाकाव्यात, हे त्याला चांगलं कळे. "म्हापशाच्या दुकानात जुना द्या, नवा घ्या चाललाहा. साउंडबार मिळता. टीव्हीच्या खाली एकच बारीक पट्टी. वायर नाय, काय नाय. शनिवारी सकाळी टेंपो येतलो, ता धूड घेऊन जातलो."

"पट्टी?" बाबा म्हणाले. "आमचे मास्तर मारीत तसली?"

"आवाज बघा तिचो!"

"त्यांच्या पट्टीचो पण आवाज होतो."

विनोदिनीबाई हसल्या, पण बाबा हसले नाहीत. पेज तशीच ठेवून उठले आणि मशीनसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी गोल बटणावरून बोट फिरवलं, धूळ नसताना. "शनिवारी?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

सिद्धी ताटं उचलू लागली. सांगून टाकावं, असं तिला दहादा वाटलं. ओरडा बसेल, ठीक आहे. पण त्याच्या मागून दुसरं एक येणार होतं, ते तिला नको होतं. सांगितलं की बाबांना कळणार, सून दुपारी गाणं लावायची ते लंगोटांसाठी. म्हणजे त्या तिसऱ्या दिवशीच्या श्वासासकट सगळंच खोटं ठरणार. हॉलच्या मधल्या त्या चार खुणा खोट्या ठरणार.

शुक्रवारी सकाळी तिनं गौरवीला कमरेवर घेतलं, छत्री उघडली आणि हमरस्त्यावरच्या पत्र्याच्या गाळ्यात गेली. तिथं गडहिंग्लजचा अभिजीत मिक्सर, पंप, स्पीकर, जे येईल ते दुरुस्त करायचा.

"आजच यायला हवं," सिद्धी म्हणाली. "उद्या टेंपो येतोय."

"येतो की वैनी. चार वाजता येतो."

"आणि..." तिनं आवाज खाली आणला. "आत काही सापडलं, तर आधी मला सांगा. हळूच."

अभिजीतनं स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचला. "का वो, आत साप-बिप हाय व्हय?"

चार वाजता तो आला. हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, मशीन त्यावर घेतलं. शनिवारचा टेंपो काही रद्द झालेला नव्हता, गौरेश हाताची घडी घालून तसं चेहऱ्यानंच सांगत होता. बाबा गुडघ्यांवर हात टेकून, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तसे बसले. गौरवी पडद्याशी रांगत होती.

एकेक स्क्रू निघाला. झाकण उचललं गेलं. अभिजीतनं आत बॅटरी मारली आणि शीळ घातली.

"आयला! ह्याला तर गोधडी पांघरलीया कुनीतरी."

आत, उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, पांढऱ्या तंतूंचा जाड थर बसला होता. अभिजीत तो चिमट्यानं सोडवू लागला आणि कागदावर मांडू लागला, आणि हळूच सांगण्याचं साफ विसरला. "ह्यो कापूस. ह्यो बगा निळा दोरा, आनि ह्यो दुसरा. आनि ही लाल माती कशाची आली मदी? जाळीतनं पडलंय सगळं. वर काय ठेवत हुता काय तुमी?"

सगळ्यांनी एकदम पाटीकडे पाहिलं.

"कापूस उडून इलो आसतलो," विनोदिनीबाई घाईघाईनं म्हणाल्या. "शेजारी सावर आसा."

"सावर श्रावणात?" बाबा म्हणाले.

निळा दोरा कागदावर पडला होता. आता तो सगळ्यांच्या डोळ्यांत भरणार, असं सिद्धीला वाटलं आणि तिनं श्वास घेतला.

"बाबा, मी केलंय. दुपारी मी मशीनवर लंगोट वाळयत होतंय."

बाबांनी तो दोरा उचलला, बोटाला गुंडाळला, पुन्हा सोडवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे," ते हळू म्हणाले, "दुपारचा ता गाणा... लंगोटांसाठी?"

"पयल्या दिवशी लंगोटांसाठी," सिद्धी म्हणाली. खोटं बोलायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. "दुसऱ्या दिवशी पण. पण लंगोट वीस मिनिटांत वाळत, बाबा. मी तास-तास बसा. गौरवी निजली तरी बसा. त्या मैफलीत तिसऱ्या गाण्यात, शेवटच्या कडव्याच्या आधी, डावीकडे कोणतरी खोकता. तबलजीच आसतलो. तोंडावर हात धरून खोकता, पण ठेको चुकना नाय. माका रोज भीती वाटा, आज चुकतलो. मी त्या खोकण्यासाठी बसा."

बाबांनी मान वर केली.

"तुका ता खोकणा ऐकू इला?"

"रोज येता."

"तिसऱ्या गाण्यात?"

"होय."

"वीस वर्षां," बाबा अभिजीतकडे वळून म्हणाले, जणू आता तोच घरातला कर्ता माणूस होता, "वीस वर्षां मी ह्या दोघांक सांगतंय, थय कोणतरी खोकता. ही म्हणता, तुमका भास होता. हो म्हणता, सीडीक चरो पडलो." आणि मग सुनेकडे न बघता, नाकातल्या नाकात: "लंगोट तर लंगोट."

"ता सगळा खरा," गौरेश म्हणाला. "पण आता मशीन गेलाच ना? म्हणून मी सांगत होतंय, टेंपो..."

"मशीनला काय धाड भरलीया?" अभिजीत म्हणाला. "लई तापलं की आपसूक बंद व्हतंय. जळू नये म्हनून तशी सोय केल्याली असती. श्वास कोंडला हुता बिचाऱ्याचा. साफ केलं की पळतंय बगा." त्यानं झाकण उलटं केलं, जाळी नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "पन ह्यो वास लंगुटाचा न्हाई. सायेब, सॉक्स वाळवलेत ह्याच्यावर कुनीतरी. गमबुटातले."

गौरेश छताकडे बघू लागला. छतावर काही नव्हतं.

"मोजे?" बाबा उठूनच उभे राहिले. "रात्री पिक्चर संपलो तरी मशीन चालू, ता मोजांसाठी?"

"स्कूटरवर भिजतंय मी! सकाळी ड्यूटी आसता, ओले मोजे घालून जाऊ?"

"आणि कापूस?" बाबा आता बायकोकडे वळले.

विनोदिनीबाईंनी पदर खोचला. "होय, वाती! श्रावणी सोमवारच्या न्हय, चवथीच्या. दमट वात तडतडता. देवाचाच काम होता, मोजांसारखा नाय."

"बंदरात आसतंय तर सगळ्यांक एकदम सस्पेंड केलं असतंय!" बाबांचा आवाज चढला. क्रेनवरून खाली ओरडायची जुनी सवय. "पाटी लायली ती कित्याक? एका घरात तीन तीन चोर! माणसाचो इस्वास..."

'घूंऽऽ.'

आवाज पडद्याआडून आला. खणखणीत, गोल, छातीत उतरणारा. पडदा हलला आणि मागे गौरवी दिसली. तिच्यासमोर बाबांचं घुमट होतं. चवथीच्या आरतीला वाजवायचं मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं ताणलेलं. तिनं तळहात उगारला आणि पुन्हा मारला. 'घूंऽऽ.'

गडहिंग्लजच्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण घरातली बाकीची माणसं जागच्या जागी थिजली. श्रावणात घुमटाचं चामडं सैल पडतं, 'भद्' करतं. आरतीच्या आधी ते ऊब देऊन ताणून घ्यावं लागतं, हे इथल्या पोरासोरांना माहीत. आणि गेला पंधरवडा देवळातल्या सरावात सगळ्यांची घुमटं भद्‌भद् करत असताना एकट्या दत्तारामांचं तेवढं घुमत होतं. लोक विचारत, "कसा रे?" बाबा म्हणत, "चुलीवर टांगतंय."

"चूल," विनोदिनीबाई एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "आमच्या घरात बारा वर्षां पेटली नाय."

अभिजीतनं कागदावरची लाल माती चिमटीत घेतली, घुमटाच्या कडेकडे पाहिलं, पुन्हा मातीकडे. "तरीच म्हनलं."

बाबा कदेलावर बसले. चार खुणांवर, बरोबर मधोमध.

"चामड्याची बाजू खाली," ते म्हणाले. "जाळीर बरोबर बसता. जसा काय मापाचाच केलाहा."

"कधी?" सिद्धीनं विचारलं.

"चार ते पाच. तू गौरवीक भरयतस, ही शेजारी जाता." थोडं थांबून, अगदी बारीक आवाजात: "आज सकाळी पण ठेवलंय. शेवटचा म्हणून. बंद पडासर ठेवलंय."

पहिली हसली ती सिद्धी. तोंडावर पदर धरून हसू दाबायला गेली आणि ते नाकातून बाहेर आलं. मग विनोदिनीबाई. गौरेश खाली बसून पोट धरून हसला. गौरवीला वाटलं, हे सगळं आपल्या वाजवण्याचं कौतुक. तिनं घुमटावर दोन्ही हातांनी धुमाकूळ घातला.

गौरेशनं फोन काढला तेव्हा त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. "हॅलो, उद्याचो टेंपो नको," तो खोलीकडे जात म्हणाला. "नाय, नाय, मशीन बरा आसा. माणसा बिघडलेली."

साफसफाईला तास लागला. मग मशीन जागेवर गेलं, वायरी खुपसल्या गेल्या, बाबांनी रेकॉर्डिंग लावलं. पण ते स्वतः कदेलावरून उठले आणि सुनेला म्हणाले, "तू बस." पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, टक् नाही. तिसऱ्याच्या शेवटच्या कडव्याआधी बाबांनी सगळ्यांना हातानंच गप्प केलं. डावीकडच्या स्पीकरमधून, तोंडावर हात धरून, कुणीतरी खोकलं.

"गे बाय माझे!" विनोदिनीबाई म्हणाल्या.

"ऐकू आलं की," अभिजीत म्हणाला.

ठेका चुकला नाही.

रविवारी सकाळी बाबा पडवीत पट्ट्या कापत बसले. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी टांगतात, लाकडी पट्ट्यांची चौकट, फळापानांनी लगडलेली. तशीच एक लहान चौकट त्यांनी उरलेल्या पट्ट्यांची केली आणि हॉलच्या आढ्यावरून खाली सोडली, मशीनच्या माथ्यापासून मोजून दीड वीत वर. ऊब तिथंही पोचत होती. बाबांनी आधी हात धरून, मग गाल धरून खात्री केली.

"देवाच्या आधी डब्याक माटोळी!" विनोदिनीबाई कुरकुरल्या. पण वातींची परडी पहिली त्यांनीच टांगली. मधल्या मानाच्या जागी घुमट लटकलं. दोन्ही बाजूंना हत्तींचे सहा-सहा लंगोट. मोज्यांना बाबांनी कडेची जागा दिली, तीही धुतलेले असतील तरच.

मग त्यांनी पाटी खाली उतरवली, लाल रंगाचा डबा उघडला आणि 'काहीही ठेवू नये' याच्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली. ती वाळेपर्यंत पाटी कुठे ठेवायची, असा प्रश्न आला. बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं ती माटोळीला अडकवली, लंगोटांच्या शेजारी.

'टांगावे. गाणे लावून.'